आमच्यात चालु म्हणजे पुरे

सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वडिलांना फिटरची नोकरी लागली आणि आम्ही करीमनगरकडून इथं राहायला आलो. दोन्ही गावं हैदराबाद राज्यातलीच, तरी आईला हा परका मुलूख वाटायचा. वडिलांचं उर्दूवर निभायचं. आईला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. मी आठ-नऊ वर्षांची, शाळेत मोडकंतोडकं मराठी शिकत होते. शेजारच्या लिंगायत घरातली मावशी कुंपणावरून काहीबाही विचारायची. आई नुसती हसायची आणि आत निघून जायची.

त्यात आईला दिवस गेले. बाळंतपणाला तिला माहेरी धाडायचं ठरलं होतं, पण दिवस भरायच्या आधीच एका दुपारी कळा सुरू झाल्या. वडील कारखान्यात होते. मी शेजारी धावले, पण "आई, पोट" एवढंच तोंडातून निघालं. मावशी तव्यावरची भाकरी तशीच सोडून आली. मला तिनं सुईणीकडं पिटाळलं. सुईणीला घेऊन परतले तेव्हा आईचं डोकं मावशीच्या मांडीवर होतं. आई तेलुगूत रडत होती, मावशी मराठीत समजावत होती, "भिऊ नको बाई, मी हाय ना."

दिवेलागणीला माझा भाऊ जन्मला. अशक्त होता, पण रडला खणखणीत. नुकतेच दारात पोचलेले वडील तो आवाज ऐकून उंबऱ्यावरच बसले.

पुढं आईला न्हाऊ घालायचं मावशीनंच अंगावर घेतलं. पहिल्याच दिवशी मी चुलीला सरपण घेऊन आले, तर मोरीतून आई ओरडत होती, "चालु, चालु!" मावशी "चालूच हाय बाई" म्हणत कढत पाण्याचे तांबे ओतत होती. आईची पाठ लालबुंद झाली होती.

"मावशी, थांबा! आमच्यात चालु म्हणजे पुरे!"

तिचा हात जागीच थांबला. "अगं माय, मला वाटलं, अजून घाल म्हणायली."

तिनं घाईनं गार पाणी ओतलं. तिचेच डोळे भरून आले होते. पाठीला फोड आले नाहीत हे बघून ती शांत झाली. मग तिनं आईला शिकवलं, नको झालं की 'बास' म्हणायचं. आईनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि दोघी हसत सुटल्या. सेलूला आल्यापासून आई एवढी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती.

हळूहळू दोघींची एक वेगळीच बोली झाली, निम्मी तेलुगू, निम्मी मराठी. ती त्या दोघींनाच कळायची.

हैदराबाद राज्याची भाषेवार वाटणी झाली तेव्हा वडिलांच्या ओळखीचे बरेच तेलुगू लोक गावाकडं परत निघाले. भाऊ तेव्हा शाळेत जायला लागला होता. वडिलांनी आईला विचारलं, आपणही जायचं का.

आई दुसऱ्या दिवसाची भाजी निवडत होती. ती मराठीतच म्हणाली, "कशाला? मला इथंच बरं वाटायलंय."

वडिलांनाही बहुधा हेच ऐकायचं होतं. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि ते जेवायला बसले.