गंगेच्या माहेरी, माघात

बनारसमध्ये थंडी फार वाढली की वरून हुकूम येतो आणि शाळा बंद होतात. मुलं खूश, मास्तरणी त्याहून खूश. मी शाळेत भूगोल शिकवते. काही वर्षांपूर्वी अशाच एका थंडीच्या सुट्टीत मी काय केलं, तर सासूबाईंना घेऊन हिमालयात बर्फ तुडवायला गेले. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्याकडे आणि मग एकमेकींकडे बघितलं.

हट्ट सासूबाईंचा होता. आमचं घर मंगला गौरीच्या देवळाच्या गल्लीत. खाली उतरलं की पंचगंगा घाट. सासूबाई लग्न होऊन इकडे आल्या तेव्हापासून माघात रोज पहाटे गंगेवर जायच्या आणि स्नान झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. ताप असो, धुकं असो, घरात लग्नकार्य असो, त्यात खंड नाही. आदल्या हिवाळ्यात मात्र त्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. हाड मोडलं नाही, पण खुब्याला चांगलाच मार बसला. पुन्हा पडल्या तर अंथरूणच धरतील, असं डॉक्टरांनी बजावलं. माझा नवरा रेल्वेत आहे. त्याच्या लेखी सिग्नल लाल म्हणजे लाल. त्याच दिवसापासून त्याने आईचा घाट बंद केला.

सासूबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गप्प झाल्या. पुढचा माघ जवळ आला तशी त्यांची जेवणावरची वासना उडाली, दुपारभर खिडकीशी बसून राहायच्या. मग एके दिवशी जेवताना त्यांनी मुलासमोर सौदा मांडला. गंगोत्री थंडीत बर्फाने बंद होते, तेव्हा गंगेची मूर्ती खालच्या मुखबा गावात आणतात. तिकडचे लोक त्या गावाला गंगेचं माहेर म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, “जन्मभर ती माझ्या दारापर्यंत आली. एकदा मला तिच्या माहेरी जाऊ दे. माघातलं एक स्नान तिथे होऊ दे, मग मी पायऱ्या उतरणार नाही. कायमच्या बंद.”

नवऱ्याने लगेच कबूल केलं. धुक्यामुळे गाड्या उशिरा धावत असताना त्याला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं, म्हणजे कोणीच जाणार नाही, असा त्याचा हिशोब. मी पोळी वाढता वाढता म्हटलं, “मी नेते.” त्याचा घास हातातच राहिला. मला फिरण्याचं वेड आहे आणि ते लग्नानंतर बासनात गेलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. निघताना स्टेशनवर तो एवढंच म्हणाला, “तुझ्या भरवशावर पाठवतोय.”

हरिद्वारपर्यंतची गाडी धुक्यात वाट काढत रखडत गेली. तिथून मोटार केली, उत्तरकाशीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी आणखी वर निघालो. देवदार दिसायला लागले, मग त्यांच्या फांद्यांवर पांढरं दिसायला लागलं, आणि एका वळणानंतर सगळंच पांढरं झालं. सासूबाईंनी काच खाली केली. जन्मात पहिल्यांदा बर्फ बघणारी बाई काहीतरी भक्तिभावाचं बोलेल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “अगो बाई, एवढं सगळं झाडतं कोण?”

हर्षिलला मोटार थांबली. मुखब्याकडचा रस्ता बर्फाखाली गेला होता, पुढे पायी. ड्रायव्हरने आम्हाला बुटांवरून जुने लोकरी मोजे चढवायला लावले, म्हणजे पाय घसरत नाही. हातात काठ्या दिल्या. नऊवारी, त्यावर नवऱ्याचं जुनं जाकीट, डोक्याला मफलर आणि बुटांवर दोन रंगांचे मोजे अशा अवतारात सासूबाई पुढे आणि मी मागे. भागीरथीवरचा पूल ओलांडला, चढ लागला. थोड्या वेळाने मी धापा टाकायला लागले. त्या मात्र एक पाय घट्ट रोवायचा, मग दुसरा उचलायचा, अशा बिनघाईने चढत होत्या. घाटाच्या पायऱ्यांनी ते पाय घडवले होते. मध्येच मागे वळून म्हणाल्या, “थकलीस का? बैस जरा, मी कुठे पळून चालले नाही.” मला राग आला, आणि फार बरंही वाटलं. वर्षभर गप्प बसलेली बाई मला टोमणे मारत होती.

गावात एका बाईंच्या घरी खोली मिळाली. लाकडी घर, मध्ये पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छपरातून बाहेर काढलेलं. त्या संध्याकाळी आम्ही शेगडीपासून हललो नाही. देवळात जायचं ते सकाळी स्नान करूनच, असं सासूबाईंनी ठरवलं होतं.

आता आमच्या शहाणपणाची गोष्ट सांगायला हवी. बनारसमध्ये माघातल्या पहाटे गंगेवर वाफ तरंगत असते. बाहेर हाडं गोठवणारा वारा, पण पाणी मात्र कोमट लागतं. म्हणून तिथे रोज नहाणाऱ्यांची एक रीत आहे. पाय बुडव, मग गुडघे, असं करत बसायचं नाही. सरळ जायचं आणि गळ्यापर्यंत बसायचं. थंडी लागते ती बाहेर, पाण्यात शिरलं की संपली. सासूबाईंनी मला हे लग्नानंतरच्या पहिल्या माघात शिकवलं होतं आणि माझ्या अंगात ते इतकं मुरलं होतं की वरच्या भागीरथीचं पाणी बर्फातून येतं, हे वर्गात फळ्यावर नकाशा काढून शिकवणारी मी, नदी समोर असताना ते साफ विसरले. नदी तीच ना? मग रीतही तीच.

सकाळी ऊन खाली नदीपर्यंत पोचल्यावर आम्ही उतरलो. पिशवीत तांब्या, तीळ, पंचा आणि सासूबाईंचं सोवळ्यातलं कोरडं लुगडं. त्या लुगड्याला घरात कोणी हात लावत नाही. मीही पिशवी बंदांनाच धरून आणली होती. पाणी हिरवट, तळाचा गोटा न् गोटा दिसत होता, काठाला बर्फाचा पातळ थर. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला पाणी संथ होतं. मी म्हटलं, “आई, आधी मी उतरते. तळ कसा आहे बघते, मग तुमचा हात धरते.”

“जा. पण सोचत बसू नको,” त्या म्हणाल्या. “एकदम बैस.”

मी एकदम बसले.

थंडी वाजली असं मी म्हणणार नाही. थंडी वाजायलाही काही क्षण लागतात. छातीवर कोणीतरी आडवा दांडा मारावा तसा श्वास बंद झाला. तोंड उघडं, पण हवा आत येईना, ओरडायला आवाज नाही. उठायचं म्हटलं तर पाय माझे नव्हते. हात दगडावरून सुटला आणि आडोशाच्या बाहेर जो प्रवाह होता त्याने मला कुशीवर वळवलं. मला स्पष्ट कळलं की मी आता मरणार आहे, आणि भीतीच्या आधी मला भयंकर लाज वाटली. तुझ्या भरवशावर, असं तो म्हणाला होता.

सासू सुनेच्या झिंज्या धरते असं नेहमी ऐकून होते. माझ्या सासूने आयुष्यात एकदाच धरल्या. काठी टाकून त्या काठावरच्या गोट्यांत बसल्या, एक पाय पाण्यातल्या दगडाला लावला आणि माझा अंबाडा सुटून केस हाताला लागले ते दोन्ही हातांत गुंडाळून मागे झुकल्या. मी त्यांच्या दीडपट आहे. कशी ओढली ते त्यांना विचारलं तर सांगता येत नाही. मला आठवतात त्या त्यांच्या शिव्या. अस्सल बनारसी, मुलासमोर कधी न उच्चारलेल्या.

काठावर घेतल्यावर त्यांनी माझे ओले कपडे ओरबाडून काढले. मग ते सोवळ्यातलं लुगडं पिशवीतून ओढलं आणि मला त्यात गुंडाळलं. वरून जाकीट. माझे दात कडकड वाजत होते, आणि तरी मला सुचलं ते असं, “आई, तुमचं लुगडं.”

“गप्प बैस,” त्या म्हणाल्या.

घरमालकीण वरून धावत आली. मला बघून तिने कपाळाला हात लावला. “अरे माता जी, यहाँ माघ में कोई नदी में बैठता है क्या?” दोघींनी मला मधे धरून वर नेलं, शेगडीशी बसवलं. चहा आला, पण माझ्या हातात कप ठरेना. सासूबाई चमच्याने मला चहा पाजत राहिल्या. अर्ध्यावर मी मान फिरवली. त्यांनी कपाकडे पाहिलं आणि उरलेला चहा स्वतः पिऊन टाकला. स्नान झालेलं नव्हतं, माघ चालू होता, आणि कप माझा उष्टा होता. मी सगळं बघत होते आणि मला रडू आवरेना. घरमालकिणीला वाटलं, थंडीमुळे.

दुपारी मला बरं वाटायला लागल्यावर मी म्हटलं, “आपण पुन्हा खाली जाऊ. काठावर उभं राहून एक तांब्या डोक्यावर घ्या. मी धरते तुम्हाला.”

त्यांनी मान हलवली. “तांब्याचं स्नान करायचं तर बनारसचा नळ काय वाईट होता?” मग त्यांनी शेगडीत एक लाकूड सारलं. “मला वाटायचं, ती मला ओळखते. इतक्या वर्षांची ये-जा. इथे येऊन बघते तर ओळखच दाखवेना.”

त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं. सख्ख्या बहिणीने दारातून परत पाठवावं तसं काहीतरी होतं. आम्ही इतक्या लांब आलो होतो ते त्या एका स्नानासाठी, आणि ते माझ्यामुळे हातचं गेलं होतं.

त्यांनी गरम पाण्याच्या बादलीने अंघोळ केली आणि आम्ही देवळात गेलो. पुजाऱ्याने दार उघडलं. आत गंगेची मूर्ती, फुलं, तुपाचा दिवा. सासूबाईंनी हात जोडले नाहीत. भांडायला आल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि मोठ्याने, मराठीत म्हणाल्या, “माझ्या सुनेला हात लावलास. पुन्हा असं केलंस तर याद राख.” पुजाऱ्याला वाटलं कुठला तरी दाक्षिणात्य मंत्र असावा. त्याने आदराने तीर्थ पुढे केलं. ते मात्र सासूबाईंनी घेतलं.

परतीच्या गाडीत त्यांनी मला बजावलं, “घरी यातलं एक अक्षर काढायचं नाही. तो घाबरट आहे. तू बुडत होतीस कळलं तर तुझं फिरणं कायमचं बंद करेल. माझं बंद झालंच आहे. दोघींचं कशाला?”

मी हो म्हटलं. त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं.

घरी आल्यावर नवऱ्याने आमच्या बॅगा आत घेतल्या, दोघींना नखशिखान्त तपासलं आणि समाधानाने पाट मांडले. जेवायला बसल्यावर त्याने विचारलं, “मग आई? झालं स्नान मनासारखं?”

“झालं,” सासूबाई म्हणाल्या. “फार छान झालं.”

“मग आता घाट बंद. कबूल केलं होतंस.”

“बंद म्हणजे बंद,” त्या म्हणाल्या आणि भातावर वरण वाढून घेतलं.

मला तोंड आवरता येत नाही. माहेरी यासाठी मार खाल्लाय, शाळेत यासाठी मुख्याध्यापिका माझ्यावर खार खाऊन असतात. गाडीतून उतरल्यापासून मी ते वचन पाळत होते. सासूबाई शांतपणे वरणभात कालवत होत्या. आयुष्यातली एकुलती एक हौस एवढ्या सहज सोडून दिलेली बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि ती हौस त्यांनी माझ्यासाठी सोडली होती.

मी म्हटलं, “खोटं बोलतायत. झालं नाही स्नान.”

आणि मग मी सगळं सांगितलं. पाणी, श्वास, केस, लुगडं, चहा. सासूबाई मध्येच दोनदा “पुरे” म्हणाल्या, पण मी थांबले नाही. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडत गेला. तो ओरडेल म्हणून मी तयारीत होते. त्याने आईसमोर माझा हात धरला. आमच्या घरात असं कोणी करत नाही. हात उष्टा होता, तसाच धरला.

मग तो आईकडे वळला. “आई, हिला तू ओढलंस? एकटीने?”

“मग काय, गाव गोळा करत बसू?”

तो आईच्या हातांकडे बघत राहिला. वर्षभर तो त्या हातांना जपत होता, पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नव्हता. मग तो म्हणाला, “माघ संपायचाय अजून. उद्या पहाटे मी येतो सोबत. पायरीवर एका बाजूने मी धरेन, एका बाजूने ही. पण रोज जायचं तर धरूनच जायचं.”

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. माझ्याकडे इतक्या रागाने बघितलं की मला वाटलं, आता पुन्हा त्या बनारसी शिव्या.

“सांगू नको म्हटलं होतं ना तुला,” त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून, मी या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, माझ्यासमोर रडल्या.