वारा फिरला, उठा की

करवीरनिवासिनी जगदंबेला वंदन करून आणि नृसिंहवाडीच्या दत्तप्रभूंच्या पादुकांचे स्मरण करून, माझे स्नेही दौलतराव यांच्या पहिल्या मासिक श्राद्धानिमित्त हे चार शब्द लिहीत आहे. महिन्यापूर्वी त्यांच्या गावाहून, गडमुडशिंगीहून, त्यांचा गाडीवान सकाळी माझ्या दारी आला. मी संध्येला बसलो आहे असे पाहून तो पायरीवरच थांबला आणि माझे आटोपताच “धनी गेलं” एवढेच म्हणाला. मी पळी खाली ठेवली. तेव्हापासून हाती घेतलेली प्रत्येक वस्तू जड वाटते, लेखणीही वाटते.

दौलतराव शेतकऱ्याच्या घरचे. सरकारवाड्यावर येणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांच्या मेजवान्या त्यांच्या देखरेखीखाली होत. महाराजांच्या लवाजम्याबरोबर ते एकदा विलायतेस गेले आणि परतताना फ्रान्स देशातील बर्गंडी प्रांतात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे उतरले. त्या देशी द्राक्षांचे मद्य पिंपात भरण्यापूर्वी पिंपाला गंधकाची धुरी देतात, म्हणजे ते बिघडत नाही. हा म्हातारा धुरी देत नसे, वरून साखर घालीत नसे. तुडवलेली द्राक्षे आपल्या अंगच्याच आंबण्याने उकळी घेत आणि निवत, तेवढेच त्याचे मद्य. दौलतरावांनी दुभाष्याकरवी त्याला विचारले होते की, अशाने ते नासले तर? त्याचे उत्तर ते आपल्या बोलीत मोठ्या कौतुकाने सांगत. “म्हनला, नासंल की. जित्ती हाय ती. जित्तं हाय त्येच नासतंय.” त्या म्हाताऱ्याच्या काही बाटल्या त्यांनी पेटीत वाळला चारा भरून, जिवापाड जपून इथवर आणल्या आणि आपल्या शेतावरच्या धान्याच्या पेवात, जमिनीखालच्या गारव्यात, आडव्या निजवून ठेवल्या.

ज्याने मद्याला कधी जिभेचा स्पर्श होऊ दिला नाही त्याने मद्यावर लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. आम्हा ब्राह्मणांस मद्य पिणे तर राहोच, त्याचा वास घेणेही स्मृतींनी वर्ज्य सांगितले आहे. म्हणून त्यांच्या सोप्यात माझा पाट नेहमी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, वारा जिकडून येई तिकडे, मांडलेला असे. वर्षाकाठी एखादी बाटली पेवातून निघे. आदल्या दिवशी ती उभी करून ठेवीत, म्हणजे गाळ तळाशी बसे. मग न हलवता, गाईला पान्हा सुटावा इतक्या सावकाश ते ओतीत. मद्याचा रंग पांढऱ्या वस्त्रापुढेच नीट कळतो असे त्यांचे म्हणणे, आणि घरात सर्वांत शुभ्र वस्त्र माझे उपरणे. तेव्हा हात लांब करून ते पेला माझ्या खांद्यापुढे धरीत, मी श्वास रोखून बसे, आणि दाराआडून त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, हसत. वारा पालटला की दौलतराव पेला खाली ठेवून बजावीत, “वारा फिरला, शास्त्रीबुवा. उठा की.” मग मी आणि पाट दोघेही पलीकडल्या भिंतीशी.

पिऊन झाल्यावर ते सांगत आणि मी ऐके. सरकारवाड्यावरचे पाहुणे बाटलीवरचे नाव वाचून माना डोलावतात, ही त्यांची तक्रार असे. घोट तोंडात धरून धीराने वाट पाहावी लागते, म्हणत. आधी एक चव येते, ती सरताना दुसरी, आणि गिळल्यावर जी मागे राहते ती खरी. त्या मागे राहणाऱ्या तुरटपणाला मी कषाय हा शब्द दिला, तो त्यांना फार आवडला. वेदमंत्रांचा अधिकार कोणाला, या वेदोक्ताच्या वादाने या शहराची मने दुभंगली, आमची घरेही दोन बाजूंस गेली. पण त्या वर्षांतही पाट मांडलेला असे.

पुढे तापाची साथ आली. दौलतराव त्यातून उठले, परंतु छाती खिळखिळी झाली आणि नाक गेले. अन्नाला वास नाही, म्हणून चव नाही. वहिनी मला म्हणाल्या, “भाकरी करपली तरी कळत न्हाय त्यास्नी. आमटीत मीठ हाय का, ते मलाच इचारत्यात.” आणि पेवात एकच बाटली उरली होती. ती तशीच ठेवून जाणे त्यांना सोसवत नव्हते, आणि पिऊनही तिची चव त्यांना मिळणार नव्हती. ती टिकली की नासली एवढे तरी कळावे, हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

आमची शेवटची भेट त्या बाटलीचीच. त्यांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि मान हलवली. त्यांच्या जिभेला ते नुसते पाणी होते... डोळ्यांतही पाणी. तेव्हा मी माझ्याजवळ होते ते दिले. पाठशाळेत मुखोद्गत करण्यातच माझे आयुष्य गेले. याच मद्याविषयी त्यांनी पहिल्या वर्षी जे सांगितले होते ते मी त्यांच्याच शब्दांत, त्याच क्रमाने म्हणून दाखवले. आधी पिकले करवंद, मग तंबाखूचे ओले पान, मागे जांभळाच्या सालीचा कषाय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“ह्ये तवाचं झालं,” ते म्हणाले. “आत्ता काय हाय?”

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी शिकलो त्या विद्येत एक अक्षर पालटले तर तो दोष. आणि समोर जे होते ते पालटत राहणारेच होते. वहिनी आतून त्यांना म्हणाल्या, “नगा तसं बगू त्यांच्याकडं. त्यांचं सोवळं हाय.” दौलतरावांनी तोंड फिरवले. मी पाटावरून उठलो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला त्यांच्याशेजारी जाऊन बसलो आणि पेला नाकाशी धरला. आपद्धर्माचा आधार मी तेव्हा शोधला नाही. आता शोधण्याचे त्राण नाही.

“करवंद नाही राहिले,” मी सांगितले. “मुरलेल्या आमसुलासारखे काही आहे. गुऱ्हाळ संपल्यावर काहील निवते ना, तसे. आणि अगदी तळाशी... वर्षाने पोथीचा रुमाल सोडावा, तसे.”

त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. “म्हातारी झालीया की, माझ्यागत,” ते म्हणाले. “पर नासली न्हाय.” मग माझ्या हातातल्या पेल्याकडे पाहून हसले. “वारा कवाच फिरलाय, शास्त्रीबुवा. उठा की.”

त्यांचे मी ऐकलेले शब्द ते शेवटचे. नृसिंहवाडीस जाऊन मी संगमावर स्नान केले, शास्त्राने सांगितले ते प्रायश्चित्त घेतले. अंगावरचे पाणी वाळले. वास मात्र स्मरणातून गेला नाही, आणि तो जावा अशी प्रार्थना माझ्याच्याने झाली नाही.

परवा वहिनींस भेटायला गेलो. सोप्यात माझा पाट त्याच जागी मांडलेला होता. कोनाड्यात ती बाटली होती, तळाशी वाळलेल्या गाळासकट. उन्हे कलली तसा वारा पालटला, आणि बाटलीकडून आमसुलासारखे काहीतरी अगदी पुसट नाकाशी आले. मी सवयीने उपरणे सावरून उठू लागलो... पण उठवणारा आवाज आला नाही. वहिनी दाराआड उभ्या होत्या. मी तिथेच बसून राहिलो.

वाचकहो, आपल्या घरच्या अन्नाला चव राहो, ती सांगायला सोबत राहो, आणि आपली बसण्याची जागा राखणारा एक तरी माणूस जगदंबा आपणांस दीर्घकाळ देवो. आपले आणि आपल्या कुटुंबाचे कल्याण असो.