बायकांच्या टेबलामागची हर्मिनिया

हर्मिनियाला जळकी असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं, पण ती स्वतःला पुरती ओळखून होती.

फिलिपिन्समधल्या पानाय बेटाच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात, पंचायतीच्या इमारतीत डाव्या कोपऱ्याला बायकांचं टेबल होतं. नवऱ्यानं हात उचलला की बाई तिथं यायची आणि टेबलामागची हर्मिनिया तिला कागद लिहून द्यायची: नवऱ्यानं पंधरा दिवस हिच्याजवळ फिरकायचं नाही, हात लावायचा नाही, धमकवायचं नाही. खाली कप्तानाची, म्हणजे गावच्या मुखियाची, सही. कप्तान गावात नसला तर पंचाची चालायची. नऊ वर्षं ती हे कागद लिहीत होती, आणि दर कागदाला तिचे डोळे भरून यायचे. बाया म्हणायच्या, "नांग मिनिंगचं काळीज बघा कसं लोण्याचं!" थोरल्या बाईला तिकडं नांग म्हणतात, आणि हर्मिनियाचं लाडाचं नाव मिनिंग.

लोणी कसलं डोंबलाचं! हेवा होता तो. डोळा काळानिळा करून घेऊन आलेल्या बाईचाही हेवा. हिला कागद मिळणार. मला कुठं मिळाला होता?

तिच्या वेळी त्याच खोलीत एकच टेबल होतं आणि दोन बाजूंना दोन खुर्च्या. नवरा बडवायचा, पंच दोघांना समोरासमोर बसवून 'आरेग्लो' म्हणजे मिटवामिटवी करायचे, आणि वर पान्सितच्या शेवयांची थाळी दोघांत एक. चार वेळा तिनं ती थाळी खाल्ली. एकदा तर जबडा सुजलेला असताना. पाचव्या खेपेला म्हणाली, मला हा माणूसच नको. पंच म्हणाले, "नको तर नको. पण घर त्याचं आहे, तर पोर घराकडे राहील." पोर चार वर्षांची, एल्विरा. हर्मिनियानं मान डोलावली. मोठी माणसं सांगतात म्हणजे तसंच असणार. एल्विरा दूर दावावला आत्याकडे वाढली. आता आत्याला आई म्हणते, आणि नाताळात फोन केला तर हर्मिनियाला 'मावशी'.

पुढं बायकांचं टेबल तिच्याकडे आलं आणि तिला शहरात शिकायला पाठवलं. वकीलबाईंनी फळ्यावर लिहिलं: सात वर्षांखालचं मूल आईपासून तोडायचं नाही, तसंच काही मोठं कारण असेल तर ते कोर्टानं बघायचं, पंचांनी नाही. हर्मिनियानं हात वर करून विचारलं, "हे कधीपासून?" बाईंनी साल सांगितलं. तेव्हा एल्विरा जेमतेम वर्षाची होती. त्या दिवशी वाटलेला खाऊ तिनं तसाच्या तसा शेजारणीला देऊन टाकला.

एका मंगळवारी सकाळी रिझालीन आली. नुकती विशी ओलांडलेली, एक कान लालभडक, कडेवर चार वर्षांची जाजा. मागोमाग तिची सासू कोनसिंग आली, आणि सोबत पंच एपिफानियो. रिझालीनच्या लग्नात धर्मपिता म्हणून उभे राहिलेले. कप्तान त्या दिवशी शहरात गेला होता.

"काय केलं त्यानं?" हर्मिनियानं विचारलं.

"कानाखाली वाजवली. परवा. आणि काल."

"त्याआधी?"

"त्याआधी कधीच नाही."

दोन! दोन थपडांत इथवर आली! हर्मिनियाची लेखणी कागदात रुतली. मला यायला पाच वर्षं लागली गो.

"आजकालच्या पोरी थपडा मोजतात," कोनसिंग म्हणाली. "आमच्या डोक्यात भाताचं पातेलं बसायचं, तरी त्याच पातेल्यातला भात वाढायचो आम्ही."

"म्हणूनच तुझं डोकं असं चेपलंय का?" पंच हसले, आणि रिझालीनकडे वळले. "हे बघ पोरी, कागद तुला देतो. पण राहणार कुठं?"

"बहिणीकडे. बाजारामागं."

"एका खोलीत आठ माणसं! पोरीला डास फोडून खातील. ती राहू दे आजीकडे. तुला कागद, हिला नात. आरेग्लो. कुणाचं काही बिघडत नाही."

रिझालीननं टेबलामागं बघितलं. "नांग, असंच असतं का हो?"

वाक्य हर्मिनियाच्या जिभेवर होतं. फळ्यावरचं, अक्षर न् अक्षर. पण तोंड उघडेना. का म्हणून सांगू? मला कुणी सांगितलं होतं? मी काय हिच्यापेक्षा कमी रडले? जाऊ दे हिचीही. मग गावात मी एकटी तर उरणार नाही. हा विचार आला आणि, देवा शपथ, उन्हात शहाळं प्यावं तसं तिला गार वाटलं.

रिझालीननं पोरीचे केस कानामागं सारले. "बरं," ती हळूच म्हणाली. "पण रविवारी भेटू द्याल ना?"

"देऊ की!" कोनसिंग म्हणाली. "रविवारी काय, सणालासुद्धा ये."

हर्मिनियाच्या पोटातला गारवा तिथंच नासला. तिनंही हेच विचारलं होतं. तेव्हाही सगळे अगदी आनंदानं 'देऊ की' म्हणाले होते.

"पोर किती वर्षांची?" तिचा आवाज चिरका निघाला.

"चार."

"मग ती आईकडेच राहील."

"मिनिंग, जुळत आलंय. मोडू नको," पंच म्हणाले.

"मारहाणीत जुळवाजुळव करायला पंचांना मनाई आहे. आणि सात वर्षांखालचं मूल आईचं. पटत नसेल तर कोर्टात जा, जज्जसाहेबांना डासांचं सांगा."

कोनसिंग उसळली. "स्वतःची पोर राखता आली नाही, आणि आली दुसऱ्यांची वाटायला!"

बाहेर बाकावर बसलेल्या पहारेकऱ्यानंही मान खाली घातली. गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"नाही आली राखता," हर्मिनिया म्हणाली. "सही करा, पंच."

पंचांनी बराच वेळ खिशात चष्मा शोधला. तो कपाळावरच होता. शेवटी सही झाली, एक प्रत घेऊन पहारेकरी सायकलवरून नवऱ्याकडे निघाला आणि कोनसिंग बडबडत त्याच्या मागं गेली.

"हा पंधरा दिवसच चालतो," हर्मिनियानं दुसरी प्रत पुढं सरकवली. "त्याआधी कोर्टातून मोठा कागद काढायचा, त्यात पोरीचंही लिहून घ्यायचं. सोमवारी सहाची बस. मी येते."

रिझालीन कागद वाचत होती. मग तिनं मान वर केली.

"नांग, हे सातचं तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मघाशी का नाही बोललात? मी तर देऊनच टाकली होती हिला."

हर्मिनियानं शिक्का पुसून ठेवला. ती शिक्क्याच्या डबीचं झाकण लावत राहिली. रिझालीन आभार न मानताच निघाली.

जाजा चांगली चालण्याजोगी होती, तरी आईनं तिला खाली म्हणून ठेवलं नाही. ऊन चढलेलं, पोर अंगानं भरलेली, दर दहा पावलांवर तिला या कडेवरून त्या कडेवर घेत रिझालीन चालली होती.

"किती मिरवते मेली," हर्मिनिया पुटपुटली, आणि दारात येऊन त्या दोघी वळणाआड होईपर्यंत बघत राहिली.