मांजरीच्या जिभेचं काम

कोळवणला आमच्या घरासमोर जीपखाली सापडून आमची मांजर मेली आणि पेंढ्यात तिचं एकच पिल्लू उरलं. त्याचे डोळेही उघडले नव्हते. ड्रॉपरनं पाजलेलं शेळीचं दूध ते प्यायलं, पण दुपारपर्यंत त्याचं पोट टम्म फुगलं आणि ओरडणं बारीक होत गेलं.

"जगायचं न्हाई ते," आई म्हणाली. "नको जीव लावूस."

मी घरातली पहिली पदवीधर. अडलं की शोधून वाचायची सवय मला कॉलेजनं लावली, आणि तिचा मला अभिमान आहे. वाचल्यावर कळलं, एवढ्या लहान पिल्लाला मांजरीनं चाटलं तरच लघवी होते. मी कापूस कोमट पाण्यात भिजवला आणि त्याच्या पोटाखाली हलकेच पुसत बसले.

"पंधरावी शिकलीस ती ह्याच्यासाठी व्हय गं?"

"व्हय, ह्याच्यासाठीच."

बराच वेळ काहीच झालं नाही. आई शेजारी येऊन बसली. मग कापूस पिवळा झाला. पोट माझ्या बोटांखाली मऊ पडलं. आईनं पिल्लू उचलून पदरात घेतलं.

"जगंल का, सांगता येत न्हाई," ती म्हणाली. "पर दूध कोमट करून आन."