सुकटीचा वास आणि मांजरीची साक्ष

“किल्ली फिरवू नका, खाला!”

मी रोह्याशेजारच्या अष्टमी गावच्या गल्लीत ओरडलो तेव्हा झुबेदाखाला गाडीत बसल्या होत्या. उद्यासाठी टाकी फुल करून आणली होती. भाच्याच्या मंगनीला, म्हणजे साखरपुड्याला, पोराबाळांसकट अख्खं घर याच गाडीने माणगावला निघणार होतं.

मी जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली, आज रोह्यात स्वतःचं ऑफिस आहे. खालांना ही गाडी मीच दिली होती. सहज विचारपूस करायला डोकावलो, तर वास आला.

“अरे, सुकटीचा वास हाय तो,” खाला वैतागल्या. “मुरूडहून पोतं आणलं ना. वरून केवड्याचं अत्तर मारलंय. आणखी काय करू?”

घरात सगळ्यांचं हेच मत. माझं लक्ष मात्र ओट्यावर बसलेल्या मांजरीकडे गेलं.

“ही तुमचीच?”

“व्हय. का?”

“गाडीत सुकट, दार उघडं, आणि ही लांब ओट्यावर? हिला मासे वर्ज्य झाले का?”

खालांनी मांजरीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि त्या किल्ली काढून उतरल्या.

मी मागची सीट उचलली. तिच्याखाली एक झाकण असतं. त्याखाली, टाकीत, पेट्रोल पंप बसवलेला असतो. तो इंजिनकडे पेट्रोल ढकलतो. त्याच्या प्लास्टिकच्या टोपीला बारीक चीर गेली होती. टाकी काठोकाठ भरल्यामुळे पेट्रोल वर येऊन भोवती चमकत होतं. एक ठिणगी पुरली असती. गाडी ढकलत मोकळ्या जागेत नेली, बिडीवाल्यांना पिटाळलं.

मग कंपनीच्या साइटवर चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, टाकला. उत्तर आलं : रिकॉल. म्हणजे एखादा भाग मुळातच सदोष निघाला की कंपनी त्या गाड्या बोलावते आणि भाग फुकट बदलून देते. मेसेज गेला होता, पण पहिल्या मालकाला. तो कुवेतला, इथला नंबर बंद. गाडी विकली की आरसी बुकावर नाव बदलतं. कंपनीकडे फोन नंबर जुन्या मालकाचाच राहतो.

खालांना माझ्या गाडीत घेऊन तडक कंपनीचं पेणचं वर्कशॉप गाठलं. या वर्कशॉपवर माझा जुना राग. माझ्या शब्दावर माणसं इथून नव्या गाड्या घेतात, पण मी गेलो की ‘एजंट’ म्हणून बाहेर ड्रायव्हरांच्या बाकावर बसवतात. गिऱ्हाईक एसीत. त्या दिवशी खाला थेट एसीत शिरल्या आणि मलाही ओढलं.

मॅनेजर म्हणाला, “गाडी पुढच्या आठवड्यात आणा. अपॉइंटमेंट देतो.”

“नवी गाडी द्या,” मी म्हणालो.

“काय?”

“सदोष माल दिलात. बदलून द्या.”

आमच्या धंद्यात पहिला भाव समोरच्याकडून ‘नाही’ म्हणवून घ्यायलाच असतो. तो ‘शक्य नाही’ म्हणाला, मी टेबलावर हात आपटला, तो ‘शक्य नाही’ म्हणाला, मी आवाज चढवला. मग एकदम खाली आलो. “बरं, फ्लॅटबेड पाठवा, आजच पंप बदला.” फ्लॅटबेड म्हणजे गाडी पाठीवर घालून आणणारा ट्रक.

“एजंटशी आम्ही बोलत नाही. मालकांना सांगतो, गाडी हळू चालवत आणा.”

“चालवते की,” खाला गोड आवाजात म्हणाल्या. “तू चल बाजूला बसून. सुकटीचा वास हाय, अगरबत्ती लावू आपण.”

एसीतले सगळे हसले. मॅनेजरही हसला आणि त्याने फ्लॅटबेडला फोन लावला.

“पार्ट आहे का पण?” मी विचारलं.

त्याने मागच्या रॅककडे बोट दाखवलं. खोके रचून ठेवले होते. “पडून आहेत, शेठ. लोकांना फोन करतो, ते ‘लोन नको’ म्हणून कापतात. शिव्या घालतात. मी काय करू?”

त्याने मालकांची नावं वाचून दाखवली, तर अर्ध्या गाड्या माझ्याच शब्दावर इथून घेतलेल्या! तिथेच सौदा झाला : मी फोन करायचे, त्यांनी खालांची गाडी संध्याकाळपर्यंत द्यायची. वर धुऊन.

पहिला फोन डोलवीच्या कारखान्याला माल पुरवणाऱ्या एका सप्लायरला.

“तुझ्या गाडीत पंपाचा दोष निघालाय. पेणला आण, फुकट बदलतायत.”

“कळलं. घाबरवून स्वस्तात घ्यायचीय तुला. कितीला मागतोस?”

“नकोय मला तुझा खटारा!”

“बघ, आत्तापासून भाव पाडतोय!”

दुसऱ्यानेही भावच विचारला. शेवटी खालांनी फोन घेतला. “बाबा, ह्याला कायपण देऊ नको. गाडी फकस्त पेणला ने.” त्यांचं मात्र सगळ्यांनी ऐकलं.

संध्याकाळी नवा पंप बसवलेली गाडी अष्टमीला आली. दुसऱ्या दिवशी सगळे वाजतगाजत माणगावला जाऊन सुखरूप परतले. डोलवीचा सप्लायरही पेणला गेला. तिथे त्याने मॅनेजरला विचारलं म्हणे, “पंप फुकट, ते ठीक. वर काय देता?”

जुनी गाडी घेतलीत तर कंपनीकडे आपला फोन नंबर नोंदवा. आणि फुकट दुरुस्तीचं बोलावणं आलं तर आधी गाडी वर्कशॉपात लावा. घासाघीस नंतरही करता येते.