साडभाऊ चार्ज देतात

माणूस कसा येतो हे कोणीही पाहतं. तो कसा जातो ते पाहावं, आणि ते पाहायचं तर माझ्या साडभाऊंना पाहावं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. कुठूनही रीतसर निघून जाण्याच्या बाबतीत त्यांच्या तोडीचा माणूस अख्ख्या छत्तीसगडात नसेल, आणि असलाच तर त्याच्याही बायकोच्या डोक्याला तेवढाच ताप असेल. त्यांचे वडील भिलाईच्या प्लांटमध्ये होते. तिथला नियम असा की, पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय आपण जागा सोडायची नाही. सोडताना मशीन कुठे कुरकुरते, कुठे तापते, ते सगळं त्याला सांगायचं, म्हणजे चार्ज द्यायचा, आणि मगच सायकल काढायची. वडिलांनी हा नियम प्लांटच्या गेटपर्यंत पाळला. साडभाऊंनी तो घरी आणला.

दुर्गहून गाडीत बसून गोंदियाला उतरायचं असलं, तर आमगाव सुटल्यापासूनच ते आपल्या सीटसाठी वारस शोधू लागतात. "खिड़की ऊपर से अटकती है, पंखा चालू है, नीचे पानी गिरा है, देख के," एवढं ऐकून नव्या प्रवाशाने मान डोलावली की मगच उठतात. एकदा मान डोलावणारा कोणी भेटला नाही, तर गाडीने त्यांना तिरोड्याला नेऊन सोडलं. लग्नघरातून निघताना वरबापाचा निरोप सगळेच घेतात. साडभाऊ आचाऱ्याचाही घेतात. "दुसऱ्या पंगतीले वरण खारट झालं होतं, पुढच्या पाळीले पाहून घेजा," असं त्याला बजावतात. आचारी काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा सोबतीला तेच होते. मुलगा रायपूरहून यायचा होता, तो अडकला, आणि साडभाऊ दीड दिवस त्या लोखंडी खुर्चीवरून हलले नाहीत. मुलगा आल्यावर त्यांनी त्याला माझा चार्ज दिला, माझ्यादेखत. "सलाईन हळू चालून राहिली. डाव्या कुशीवर झोपले का घोरतात. चिडचिड करतात, मनावर नोको घेऊ." मला हसू आवरेना आणि टाके दुखायला लागले. असा माणूस नात्यात असावा, पण त्याला घरासाठी कर्ज काढायची वेळ येऊ नये.

वेळ आली ती क्वार्टरमुळे. साडभाऊंचे वडील निवृत्त झाले, प्लांटचं क्वार्टर आज ना उद्या सोडायचं होतं. माझी मेहुणी बापाच्या क्वार्टरमधून सासऱ्याच्या क्वार्टरमध्ये आलेली. दोन्हीकडे भिंतींचा रंग खात्याच्या मर्जीचा. "एक डाव तरी माह्या मनानं भिंत रंगवाची हाय, भाऊजी," ती म्हणायची. दुर्गच्या बोरसी भागात एका निवृत्त मास्तरांचं घर तिला पसंत पडलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण. मास्तरांना मुलाकडे राहायला जायचं होतं. त्यांनी बयाणा घेतला आणि महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. मग दर रविवारी नवरा-बायको घर पाहायला जायचे. ती भिंती पाहायची, हे नळ सोडून पाहायचे.

कर्जाचा अर्ज गेला, घराचे कागद वकिलाने तपासले, फाईल शेवटच्या टेबलावर पोचली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात साडभाऊंना नवी नोकरी चालून आली. रसमड्याला ज्या कारखान्यात ते वजनकाट्यावर होते, त्याच्यासमोरच्याच कारखान्याने बोलावलं. पगार जास्त, काम तेच. रस्ता ओलांडायचा एवढंच. कर्जाचं काम पाहणाऱ्या एजंटाने त्यांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "चेक मिलने तक नौकरी का 'न' भी मुँह से मत निकालना." मीही तेच सांगितलं, माझ्या बायकोने सांगितलं, मेहुणीने तर देवासमोर उभं करून सांगितलं. साडभाऊंनी प्रत्येकाला मान डोलावली.

आणि त्यांनी खरंच कोणाला काही सांगितलं नाही. ते फक्त नो ड्यूज घ्यायला गेले. वडील निवृत्त झाले तेव्हा एक कागद घेऊन दवाखाना, वाचनालय, बिजली दफ्तर असे सगळीकडे फिरले होते. 'याच्याकडे आमचं काही बाकी नाही' अशी जागोजागी सही घेतल्याशिवाय प्लांट माणसाला सोडत नाही. साडभाऊंच्या कारखान्याला अशा कागदाशी काही देणंघेणं नव्हतं. पण साडभाऊ सहीशिवाय निघतील? त्यांनी स्वतःच पट्टीने रकाने आखले. स्टोअरची सही झाली, कॅन्टीनवाल्याची झाली, गेटवरच्या चौकीदाराची झाली. पगार जमा होतो म्हणून शेवटचा रकाना बँकेचा होता. आणि त्या बँकेत जिच्यापुढे त्यांनी तो कागद ठेवला, तिच्याच टेबलावर त्यांची फाईल होती.

"अंकल, नो ड्यूज़ तो लोन चुकाने के बाद मिलता है. आपका तो अभी शुरू भी नहीं हुआ," ती पोरगी हसत म्हणाली. मग कागद वाचून तिचं हसू गेलं. "नौकरी छोड़ रहे हैं?"

"छोड़ नहीं रहे मैडम," साडभाऊ म्हणाले, "चार्ज दे रहे हैं."

फाईल तिथेच थांबली. नव्या जागेच्या काही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणा, मग पाहू, असं त्यांना सांगण्यात आलं. मास्तरांनी बयाणा परत केला आणि घर रोख देणाऱ्याला विकलं. मी साडभाऊंना घरी जाऊन झापलं. "तो कागद तुमाले मागितला कोणं होता?"

"कोणंच नाही," ते म्हणाले. "मी सांगाले नाही गेलो, भाऊ. सही घ्याले गेलो." मेहुणीने तर बोलणंच सोडलं. वैशाली नगरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, सामान हललं, आणि या सगळ्यात ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

मग एका रविवारी साडभाऊ माझ्याकडे आले. "भाऊ, गाडी काढता का? बोरसीले चार्ज द्याचा राहिला." मी कपाळावर हात मारला आणि गाडी काढली. मेहुणीही आली, का कोणास ठाऊक, पण घरासमोर पोचल्यावर खाली उतरली नाही.

नवा मालक तरुण होता, खोकी उघडत होता. साडभाऊ ओट्यावरच उभे राहिले आणि त्यांनी सुरू केलं. मोरीचा नळ उलटा फिरतो. मागचं दार पावसात फुगतं, जरा उचलून लावायचं. मीटरची वायर सैल आहे, मिस्त्रीला दाखवून घ्या. तो आधी संशयाने ऐकत होता, मग त्याची बायको पेन घेऊन आली आणि लिहून घेऊ लागली.

"आप यहाँ किराए से थे क्या?" त्याने विचारलं.

"नहीं जी. रहने वाले थे."

मला इतके दिवस त्यांचा संताप येत होता. तो तिथे दुसऱ्याच्या ओट्यावर उभ्या उभ्याच गेला, आणि वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्या नवरा-बायकोने चहाचा आग्रह केला, तो आम्ही घेतला नाही.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग मागच्या सीटवरून मेहुणीने कित्येक दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याला विचारलं, "मागच्या दाराचं सांगतलं?"

"सांगतलं."

"आन् सैपाकघराचं? दुपारी चारनंतर खिडकीतून ऊन सरळ ओट्यावर येते. बाईनं शेगडी तिथं नाही ठेवली पाहिजे."

साडभाऊंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नळ, दारं, वायर सगळं त्यांनी पाहिलं होतं. स्वयंपाकाच्या ओट्यावरचं ऊन त्यांना ठाऊक नव्हतं. "ते राहिलं," ते म्हणाले.

"फिरवा गाडी, भाऊजी," मेहुणी मला म्हणाली.

मी गाडी फिरवली. या वेळी ती एकटीच आत गेली, आणि आम्ही दोघे साडभाऊ बाहेर गाडीत बसून राहिलो. तिला बराच वेळ लागला.