दोन खालच्या कवळ्या

आमच्या ताईने नोकरी सोडायचं ठरवलं, कारण तिला संध्याकाळी पाच वाजता घरी जायचं होतं.

"मग काकांना सांग की तसं. पाचला जाते म्हणावं," मी म्हणालो.

"वेडा आहेस का तू? त्यांना काय वाटेल?"

"आणि नोकरी सोडलीस तर काही वाटणार नाही?"

"त्याला मी कारण शोधलंय. डोळे गेले म्हणून सांगणार आहे."

एवढं बोलून तिने माझ्या स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला, फडताळात सगळ्यात वर ठेवलेल्या बिस्किटांच्या पुड्यावरची तारीख बसल्या जागेवरून वाचली आणि ही दोन दिवसांत संपवा, असं बजावलं.

ताई कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा साचा घेऊन तिच्याकडे पाठवतात. ती त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करते, जबड्यावर मेण चढवते, मेणात एकेक दात बसवते, मग ते सगळं उकळून, घासून, पॉलिश करून गुलाबी हिरड्यांचं एक हसू डबीत घालून परत धाडते. तीस वर्षं हेच काम केल्यामुळे माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची तिची सवय पार गेली आहे. ती थेट तोंडात बघते. माझ्या लग्नात मी हार घालून उभा होतो, तर ही जवळ येऊन म्हणाली, "हसताना जरा कमी हस, डावीकडचा सुळा पुढे येतो." तेव्हापासूनच्या माझ्या सगळ्या फोटोंत मी पोलीस चौकीत बसल्यासारखा दिसतो.

काका म्हणजे ताईचे मालक. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत काका, मागच्या खोलीत ताई, मधे दरवाजा होता तो काढून टाकलेला. सगळ्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले. नवा माणूस आला की घाबरतो. या दोघांना मात्र त्या जबड्यांचाच शेजार. काका ताईहून वीसेक वर्षांनी मोठे, तरी ते तिला ताईच म्हणतात.

या दोघांत कामाच्या वेळेवरून कधी शब्द झाला नाही, आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं. ताईची मुलगी लहान होती तेव्हा ताई मुलगी झोपली की यायची, उठली की जायची. काकांनी कधी घड्याळाकडे पाहिलं नाही. उलट मुलीला ताप आला की "इकडेच आणा, प्लास्टरच्या पोत्यांमागे वारा लागत नाही" म्हणायचे. पुढे काकू आजारी पडल्या. काका दिवसदिवस दवाखान्यात. तेव्हा ताईने भल्या सकाळी कुलूप उघडलं आणि संध्याकाळी लावलं, महिनोनमहिने. त्याचा हिशेब ना तिने मांडला, ना त्यांनी विचारला.

काकू गेल्या, त्यानंतर एका संध्याकाळी काका पॉलिशच्या यंत्राजवळ बसून म्हणाले, "घरी गेलं की भिंती अंगावर येतात हो, ताई."

झालं! त्या दिवसापासून ताई पाचची सातला निघायला लागली. सातची आठला. म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून कसं जायचं?

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू आमच्या भाऊजींची. ताईचे यजमान निवृत्त झाले आणि घरी बसले. बसले म्हणजे दारातच बसले. नळवाला आला नाही, वरच्या मजल्यावरची मुलं नाचतात, असं सगळं साठवून ठेवायचे आणि ताईने चप्पल काढायच्या आत तिच्या अंगावर ओतायचे. त्या दिवसांत ताई एकदा वैतागून काकांना म्हणाली, "घरी जायचंच मन होत नाही बघा."

काकांनी ते मनात धरलं. तेही आठपर्यंत थांबायला लागले. बिचारीला घरी सुख नाही, लवकर दुकान बंद करून तिला तिकडे कसं ढकलायचं?

या दोन वाक्यांना आता बरीच वर्षं झाली. काकांच्या भिंती कधीच्या आपापल्या जागी गेल्या. त्यांना आता गुडघे आहेत, आणि संध्याकाळी गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावून पडण्यापलीकडे त्यांची जगाकडून काही अपेक्षा नाही. भाऊजीही निवळले. वरच्या मजल्यावरची मुलं आता त्यांच्याकडेच गणितं सोडवायला येतात. पण हे बोलणार कोण? रोज संध्याकाळी मागच्या खोलीत ताई मान दाबत बसायची, पुढच्या खोलीत काका गुडघा चोळत बसायचे. काम संपलेलं असायचं. ताई घासलेली कवळी पुन्हा घासायची. काका मेण वितळवायचा दिवा उगाच पेटवायचे, विझवायचे.

"निघायचं का, ताई?"

"तुमचं होऊ दे ना निवांत."

"माझं काय, मी बसलोय. तुम्ही घाई करू नका."

एवढ्या आदबीत आठ वाजायचे.

"मला एकदा उजेडात घरी जायचंय रे," ताई मला म्हणाली. "जायचं, पलंगावर पडायचं आणि कुणी विचारलं तर 'झोपलीये' म्हणून सांगायचं. बास. सोमवारी सांगून टाकते डोळ्यांचं."



सोमवार उजाडला. पाचच्या सुमाराला ताई तोंड उघडणार, एवढ्यात दारात निवेदक उभे राहिले.

निवेदक म्हणजे रेडिओवर बातम्या वाचून निवृत्त झालेले गृहस्थ. एके काळी त्यांचा आवाज ऐकून लोक घड्याळं लावायचे. आता दात गेल्यामुळे त्या आवाजातली सगळी हवा निघून गेली होती, तरी बोलण्याचा उत्साह तसाच. साचा घेतानाही ते बोलत राहिले, म्हणून डॉक्टरांना त्यांच्या खालच्या जबड्याचा साचा दोनदा घ्यावा लागला आणि दोन्ही साचे इकडे आले.

निवेदकांनी खिशातून डबी काढली, उघडली आणि टेबलावर दोन कवळ्या मांडल्या.

"नीट बघा," ते म्हणाले. "डॉक्टरांनी बघितल्या आणि मला म्हणाले, हे तुम्हीच घेऊन जा, मला हसू आवरत नाही. दोन्ही खालच्या आहेत. वरची कुठाय?"

काकांनी एक उचलली. "ही माझी."

"तुमची कशी? मी केली," ताई म्हणाली. मग दुसरीकडे बघून थांबली. "मी... ती केली."

आता, कवळीत खालची करणं जास्त कटकटीचं. वरची टाळूला धरून बसते, खालचीला जीभ सारखी ढकलत असते. दोघांनीही दमल्या अंगाने एकच विचार केला होता की, अवघड ती आपण उरकू, सोपी दुसऱ्याला राहू दे. काकांनी आपली कागदात गुंडाळून डबीत ठेवली. ताईने ती पुडी वरची समजून शेजारी आपली ठेवली आणि डबी गेली.

"तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही का?" निवेदकांनी विचारलं.

"बोलतो की! आठ-आठ वाजेपर्यंत इथेच तर असतो," काका म्हणाले.

"आठपर्यंत? एवढे दात लागतात गावाला?"

"तसं नाही. ताईंना घरी जायला नको वाटतं."

"मला?" ताई उडालीच. "मी तुमच्यासाठी थांबते! तुम्हाला भिंती..."

"कसल्या भिंती?"

काकांना खरंच आठवेना. ताईने आठवण करून दिली. मग काकांनी तिला तिच्या वाक्याची आठवण करून दिली. फळ्यांवरचे सगळे जबडे आ वासून ऐकत होते.

"वरची उद्या देतो," काका शेवटी म्हणाले. "आज थांबून करतो मी."

"तुम्ही कशाला? मी थांबते ना."

"गप्प बसा दोघं!" निवेदक त्या पोकळ तोंडाने ओरडले. "इतके दिवस सूप पितोय, अजून दोन दिवस पिईन. पाच वाजलेत. उठा!"

आणि त्यांनी स्वतः उभं राहून दिवे घालवले.

ताईचा आणि काकांचा बसचा मार्ग एकच आहे, हे ताईला तीस वर्षांत माहीत नव्हतं. काका रोज मुद्दाम पुढच्या बसने जायचे, मालक सोबत नको म्हणून. त्या दिवशी दोघं एका बाकावर बसले. बाहेर लख्ख ऊन. खिडकीतून वारा येत होता. तिसऱ्या थांब्याच्या आत दोघांनाही झोप लागली.

कंडक्टरने उठवलं तेव्हा बस डेपोत उभी होती आणि उतारू सगळे गेले होते.

"काका," ताई डोळे चोळत म्हणाली, "मी आज नोकरी सोडते म्हणून सांगणार होते."

"का हो?"

"पाचला जाऊ का, असं विचारायचा धीर होत नव्हता."

काकांनी गुडघा सरळ केला. "मी दुकान विकायला गिऱ्हाईक बघत होतो," ते म्हणाले. "तुम्हाला 'जा' कसं म्हणायचं ते कळेना."

परतीची बस मिळून ताई घरी पोचली ती नेहमीसारखी आठ वाजून गेल्यावरच. भाऊजींनी दार उघडलं, "आज पण उशीर?"

हल्ली दुकान पाचला बंद होतं. बसमध्ये काका म्हणतात, "तुम्ही झोपा ताई, मी उठवतो." ताई म्हणते, "छे, तुम्ही झोपा, तुमचे गुडघे." हा वाद ताईचा थांबा येईपर्यंत चालतो आणि झोपत कुणीच नाही. नवी वरची कवळी घातलेले निवेदक कधी त्याच बसला भेटले तर दोघांना दटावतात, आता भरदार आवाजात.

परवा सहाच्या सुमाराला मी ताईकडे फोन केला. भाऊजींनी घेतला. कुजबुजत बोलत होते.

"झोपलीये ती."

"बरी आहे ना?"

"बरी आहे. चप्पल तेवढी काढायची राहिलीये. मी काढली तर जागी होईल, म्हणून बसलोय तसाच."

मी फोन ठेवला.